कृष्णधवल भुतांच्या बाजूने

भुताचे सिनेमे दाखवाल तर गावात पुन्हा भगत आणि देवऋषी माजतील, असं आमच्या भागातल्या कळकळीच्या माणसांचं म्हणणं असतं. हे म्हणणारे माझे विरोधक असले तरी परके नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी भानामतीच्या नावाखाली होणारी मारझोड थांबवण्यासाठी गावोगाव पायपीट केली आहे, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. म्हणून त्यांना उत्तर द्यायचं तर ते तपशिलानं द्यायला हवं. ज्या सिनेमांवर ते बोट ठेवतात, ते जुने काळे-पांढरे विनोदी भयपट त्यांच्याच बाजूचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदारालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातंय, हे मला बघवत नाही.

मी परभणी तालुक्यातल्या पेडगावचा. मनमाड-परभणी लोहमार्गावर परभणीच्या अलीकडे लागतं ते पेडगाव. (म्हणीतलं पेडगाव वेगळं, ते भीमेकाठी, श्रीगोंदा तालुक्यात.) आमच्याकडे भूत सिनेमातून आलेलं नाही. विहिरीत सात आसरा, पिंपळावर मुंजा, पांदीत चकवा, आणि अंगावर काही उठलं की कोणाची तरी करणी, हे सगळं पडदा येण्याच्या कितीतरी आधीपासून इथं नांदतंय. शेतीपंपाची लाईट पाळीपाळीनं येते, बऱ्याचदा रात्रीच येते, आणि तेव्हा माणूस बॅटरी घेऊन एकटा दारे धरायला जातो. साप, रानडुक्कर आणि अंधार यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या त्या माणसाला भीती म्हणजे काय हे कुठल्या दिग्दर्शकानं शिकवावं लागत नाही. तेव्हा सिनेमानं भूत आणलं की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे. आधीच घरात असलेल्या भुताचं सिनेमानं काय केलं, हे पाहायला हवं.

काय केलं ते पाहू. कमाल अमरोहींचा 'महल' १९४९चा. हवेलीत हिंडणारी, झोक्यावर बसणारी ती गूढ बाई शेवटी माळ्याची मुलगी निघते. बिरेन नाग यांच्या १९६२च्या 'बीस साल बाद'मध्ये दलदलीतल्या हाकेमागे आणि खुनांमागे जिवंत माणसाचा हात निघतो. राज खोसलांच्या 'वो कौन थी'त, १९६४ साली, पावसात गाडीसमोर उभी राहणारी ती पांढऱ्या साडीतली बाई म्हणजे वारसाहक्कासाठी रचलेला कट असतो: नायक वेडा ठरला की मालमत्ता दुसऱ्याची. आणि मेहमूदचा 'भूत बंगला', १९६५. शहराबाहेरचा बंगला, घराण्याला लागलेला शाप, एकामागून एक पडणारे मुडदे, आणि अखेरीला बुरखा काढला तर आत माणूस. हे शेवट मी उघड केले याबद्दल कोणी रागावू नये. साठ वर्षं उलटलेली गुपितं आता सार्वजनिक मालमत्ता आहेत, आणि माझा मुद्दा त्या शेवटांवरच उभा आहे.

या चौघांत 'महल' आणि 'वो कौन थी' विनोदी नाहीत, हे मला मान्य आहे. पण घराणं एकच. त्या काळच्या हिंदी भयपटानं एक पक्का नियम पाळला: प्रेक्षकाला अडीच तास घाबरवायचं आणि मग दिवा लावून दाखवायचं की भुताच्या पायाला पैंजण कोणी बांधले होते. मालमत्ता कोणाला हवी होती, चावी कोणाकडे होती, खोटा आवाज कुठल्या खोलीतून येत होता. आमच्या गावाकडे एखाद्या घरात भुताटकी उठल्याची आवई येते, घरावर दगड पडायला लागतात, तेव्हा जाणती माणसं आधी हेच विचारतात: वाटणी झाली का? सातबारा कोणाच्या नावावर आहे? जाणत्यांच्या आणि या सिनेमांच्या तपासाची पद्धत एकच आहे.

आता याउलट रंगीत काळाकडे या. महेश कोठाऱ्यांच्या 'झपाटलेला'त (१९९३) तात्या विंचूचा आत्मा खरोखर बाहुल्यात शिरतो, मृत्युंजय मंत्राच्या जोरावर. 'पछाडलेला'तली (२००४) भुतं खरी. २०१८च्या 'स्त्री'मधली चेटकीण खरी, तिच्या वेणीतली ताकदही खरी. २०२४चा आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' कोकणातला, झाडाला बांधलेला, अगदी शंभर टक्के खरा. 'भूल भुलैया'ची गोष्ट तर बोलकी आहे. २००७च्या पहिल्या भागात भूत म्हणजे आजारी मन होतं, मानसोपचारतज्ज्ञ ते सोडवत होता. २०२२च्या दुसऱ्या भागात भूत थेट खरं झालं. या सिनेमांना मी नावं ठेवत नाही. यांतले दोन मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. पण अंधश्रद्धेच्या तराजूत तोलायचंच असेल तर रंगीत सिनेमा पोरांना खुशाल दाखवणाऱ्यांनी कृष्णधवल सिनेमाला शाळेच्या दारात अडवू नये. पडद्यावर भुताचा तपास करणारी पिढी जुनी आहे. भुताची समजूत काढणारी, त्याला शांत करणारी पिढी नवी आहे.

अपवाद आहेत. बिमल रॉय यांच्या 'मधुमती'त (१९५८) पुनर्जन्मही आहे आणि खरी परलोकवासी बाईही. सत्यजित राय यांच्या 'गूपी गाइन बाघा बाइन'मधला भुतांचा राजा कट रचणारा माणूस नसून साक्षात भुतांचा राजा आहे. त्याच्याकडे पुढे येतोच. पण अपवाद सापडले म्हणून या घराण्याची मुख्य चाल बदलत नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावात येतात तेव्हा काय करतात, हे आठवून पाहा. व्यासपीठावर कोणी बुवा होतो. पाण्यानं दिवा पेटवतो, नारळातून करणी काढतो, जिभेतून त्रिशूळ आरपार नेतो. बाया तोंडावर पदर धरतात, म्हातारे हात जोडतात. आणि मग तोच बुवा दाढी काढून सांगतो की दिव्यात काय घातलं होतं, नारळ आधी कसा फोडून भरला होता. त्या क्षणी सभेत जो हशा पिकतो, तोच त्या कार्यक्रमाचा खरा परिणाम. आधी नीट घाबरवलं नसतं तर तो हशा पिकला नसता, आणि नुसतंच रसायनशास्त्र समजावलं असतं तर लोक अर्ध्यातून उठून गेले असते. 'भूत बंगला'ची रचना याहून वेगळी नाही. ज्यांनी हे प्रयोग हजारो गावांत केले, त्यांनीच या सिनेमाला आपला म्हणायला हवं होतं.

आणि कायद्याचं काय? डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीतलं पहिलंच कलम भूत उतरवण्याबद्दल आहे. पण त्यात गुन्हा कशाला म्हटलंय? भूत उतरवण्याच्या बहाण्यानं माणसाला दोरीनं-साखळीनं बांधणं, काठीनं-चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा त्या क्रौर्याला आहे. भुताची गोष्ट सांगणं, ऐकणं, तिला हसणं याच्या वाटेला कायदा गेलेला नाही, आणि तो ज्यांच्या झुंजीतून आला त्यांना माणसाचं शरीर आणि गोष्ट यातला फरक पुरता ठाऊक होता. आज गोष्टीवरच बंदी मागणारे तो फरक पुसून टाकताहेत.

दुसरी तक्रार वेगळ्या गोटातून येते. ती सिनेमा जाणणाऱ्यांची. भीती ही शुद्ध रसासारखी हवी, तीत विनोद कालवला की दोन्ही नासतात, असं त्यांचं म्हणणं. विनोदी नट मध्येच तोंड वेंगाडतो आणि जमून आलेला अंधार फुटतो. या म्हणण्यात एक खरा भाग आहे आणि तो मी आधी बाजूला काढतो. 'बीस साल बाद'मध्ये असित सेन यांचा गोपीचंद जासूस आहे. संथ बोलणं, भोळा चेहरा, नट मोठा गुणी. पण त्याचे प्रसंग मूळ गोष्टीला शिवलेल्या ठिगळासारखे आहेत. ते कापून टाकले तरी गोष्टीचा एक धागाही उसवणार नाही. असा विनोद भयपटाला जड होतो हे खरं. मात्र यावरून भय आणि विनोद यांचं जमतच नाही असा निकाल देता येत नाही. जिथं घाबरणारा एक आणि हसवणारा दुसरा, तिथंच ते फाटतं.

'भूत बंगला'त घाबरणारा आणि हसवणारा एकच आहे. मेहमूदचा हा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. नायकही तोच. सोबत राहुल देव बर्मन, ज्याला मेहमूदनंच 'छोटे नवाब'मध्ये संगीतकार म्हणून पहिल्यांदा उभं केलं होतं, आणि ज्याला इथं संगीताबरोबर पडद्यावरही आणलं. हे दोघं बंगल्याच्या अंधारात शिरतात तेव्हा विनोद बाहेरून चिकटवलेला राहत नाही. तो त्यांच्या गुडघ्यांतून येतो, थिजलेल्या मानेतून येतो, किंचाळायला उघडलेल्या आणि आवाजच न फुटलेल्या तोंडातून येतो. मेहमूद घाबरण्याचं नाटक करणाऱ्या माणसासारखा घाबरत नाही; तो घाबरतो आणि ते लपवायला बघतो. आपल्याला हसू येतं ते या लपवण्याचं. रात्री मळ्यातून परतताना ज्यानं मोठ्यानं गाणं म्हटलं आहे त्या प्रत्येकाला तो माणूस ओळखीचा वाटतो. शूर नायकाच्या भयपटात प्रेक्षकाला असा जोडीदार मिळत नाही. नायक जिना चढत असतो आणि आपण खुर्चीत एकटे असतो.

त्यात नायिका तनुजा. शोभना समर्थांच्या मराठी घरातली ही मुलगी त्या बंगल्याची वारस म्हणून येते आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती खरी असते. हा हिशेब नीट पाहायला हवा. तिच्यावरचं संकट सिनेमानं कुठंही थट्टेवारी नेलेलं नाही, म्हणूनच मेहमूदची भंबेरी शोभते.

अमेरिकेत हेच सूत्र १९४८ साली 'ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन'मध्ये इतक्या काटेकोरपणे पाळलं गेलं की तो सिनेमा या प्रकाराचा व्याकरणग्रंथ म्हणावा. बेला लुगोसी १९३१ साली पडद्यावर ड्रॅक्युला झाला होता. सतरा वर्षांनी विनोदपटात तो पुन्हा तीच काळी झूल पांघरून आला, आणि त्यानं एकदाही डोळा मिचकावला नाही. लांडगामाणूस झालेला लॉन चेनी ज्युनियर आपलं दुःख तेवढ्याच गांभीर्यानं भोगतो. राक्षसांपैकी कोणी विनोद करत नाही. गोल अंगाचा कॉस्टेलो घाबरतो, त्याच्या सडपातळ मित्राला काही दिसत नाही, आणि त्याचं कोणी खरं मानत नाही. भूत गंभीर, माणूस विनोदी. हा नियम मोडला की काय होतं ते पाहायला आजच्या दूरचित्रवाणीवरचा कुठलाही भुताचा विनोदी कार्यक्रम लावावा. भूतच कोट्या करायला लागतं आणि मग ना कोणी घाबरतं ना कोणी हसतं.

आणि हे रसांचं मिश्रण परदेशातून आणलेलं आहे असं कोणी म्हणत असेल तर त्यानं पैठणकडे बघावं. परभणी आणि पैठण दोन्ही गोदावरीच्या खोऱ्यातली. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांत भूत आणलं, झपाटलेली बाई आणली, तिची गत सांगणारी सखी आणली. ऐकणाऱ्याला घाम फुटावा असं ते वर्णन, आणि मग उलगडतं की हे भूत पंढरीचं आहे, साक्षात विठ्ठल. आजही भारूड करणारा अंगाला लुगडं गुंडाळून, केस मोकळे सोडून ते सादर करतो तेव्हा पुढं बसलेली पोरं आधी मागं सरकतात आणि मग खिदळतात. वारकरी संप्रदायाला यात काही पावित्र्यभंग वाटला नाही. चारशे वर्षांहून अधिक काळ कीर्तनाच्या मांडवात जे चाललं, ते शाळेच्या मैदानात लावलेल्या पडद्यावर मात्र चालत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? द. मा. मिरासदारांनी 'भुताचा जन्म' ही कथा लिहिली तेव्हाही त्यांना भीती आणि हसू वेगवेगळ्या भांड्यांत ठेवावं लागलं नाही.

तिसरं म्हणणं तरुणांचं आहे आणि ते सगळ्यात जास्त ऐकू येतं. रंग नाहीत, म्हणून सिनेमा मेलेला. गरिबीतलं तंत्र होतं, आता कशाला सोसायचं?

हे म्हणणाऱ्या पोराला मी आमच्या रानात अमावास्येला उभं करीन. त्यानं मला सांगावं की समोरची ज्वारी हिरवी दिसते की पिवळी. माणसाच्या डोळ्यात मंद उजेडाला काम करणाऱ्या पेशी वेगळ्या असतात आणि त्यांना रंग कळत नाहीत. रात्र आपल्याला नेहमीच काळी-पांढरी दिसत आली आहे: बॅटरीचा झोत, झोतात बांधावरचं बाभळीचं खोड, आणि झोताच्या कडेला काहीतरी, जे खोडही असू शकतं आणि माणूसही. ही अनिश्चितता म्हणजे भीतीचं बियाणं आहे. रंग ती अनिश्चितता संपवतो, कारण रंग वस्तूची ओळख पटवतो. रंगीत सिनेमावाल्यांनाही हे कळतं, म्हणून ते रात्र निळ्या रंगात बुडवतात. आमच्या रानात मी अजून निळी रात्र पाहिलेली नाही. कृष्णधवल पडद्यावरचा अंधार आमच्या अंधाराचा सख्खा भाऊ आहे, आणि म्हणून तो लवकर अंगावर येतो.

हसण्यालाही तोच अंधार उपयोगी पडतो. सावली माणसाहून मोठी पडते. भिंतीवर नख्यांचा पंजा दिसतो आणि चौकटीत येतो तो हातात कंदील घेतलेला म्हातारा नोकर. जत्रेतल्या तंबूत या एका खेळावर माणसं किती वेळा ओरडून हसली असतील! त्यात भीती आणि हसू यांच्यात अर्ध्या सेकंदाचंही अंतर नसतं, कारण दोघांचं कारण एकच, ती सावली.

हा उजेड-अंधाराचा हिशेब कुठून आला हे पाहिलं की 'गरिबीतलं तंत्र' हा शब्द तोंडातून निघू नये. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत 'डॉ. कॅलिगारी' आणि 'नोसफेराटू' झाले. तिथला पॉल लेनी हॉलिवूडला गेला आणि त्यानं १९२७ साली 'द कॅट अँड द कॅनरी' केला: मृत्युपत्र ऐकायला जमलेले वारसदार, लांबच लांब व्हरांडे, वाऱ्यानं फुगणारे पडदे, भिंतीतून बाहेर येणारा हात, आणि अखेरीला मालमत्तेसाठी टपलेला माणूस. विनोदी भयपटांच्या कितीतरी पिढ्यांचा हा मूळपुरुष, आणि मूळ रंगभूमीवरचं नाटक. त्याच जर्मनीतला योसेफ विर्शिंग मुंबईला आला, बॉम्बे टॉकीजचा छायालेखक झाला आणि त्यानं 'महल' टिपला. म्हणजे एकाच देशातून निघालेली उजेडाची विद्या एका वाटेनं हॉलिवूडच्या हवेलीत गेली आणि दुसऱ्या वाटेनं मालाडच्या स्टुडिओत. ही विद्या शिकायला आयुष्य लागायचं. दिवे कमी होते म्हणून अंधार पडला, असं ते नव्हतं. कुठं अंधार ठेवायचा हे ठरवायला माणूस लागायचा.

आणि निवडीचाच पुरावा हवा असेल तर १९७४चा मेल ब्रुक्सचा 'यंग फ्रँकेन्स्टाइन' घ्या. तोवर अमेरिकेत रंगीत सिनेमा हाच नियम झाला होता. ब्रुक्सनं कृष्णधवलचा हट्ट धरला, कोलंबियानं नकार दिला, तो उठून ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे गेला आणि आपलं म्हणणं खरं केलं. १९३१च्या मूळ 'फ्रँकेन्स्टाइन'साठी केनेथ स्ट्रिकफॅडननं बनवलेली प्रयोगशाळेची यंत्रं शोधून त्यानं पुन्हा वापरली. थट्टा करायची तीसुद्धा मूळ सिनेमाच्या उजेडात, त्याच ठिणग्यांखाली. ज्याची थट्टा करतो त्याच्यावर इतकं प्रेम असलेला विनोद मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

रायबाबूंचं उदाहरण मात्र उलट्या टोकाचं आहे, आणि म्हणून ते मला अधिक जवळचं. १९६९च्या 'गूपी गाइन बाघा बाइन'साठी त्यांना रंग हवे होते, पैसे नव्हते. शेवटचा छोटा तुकडा तेवढा रंगीत झाला. मूळ गोष्ट आजोबा उपेंद्रकिशोरांची. गावानं हाकललेले दोन बेसूर गडी जंगलात भुतांच्या तावडीत सापडतात, आणि भुतं नाचायला लागतात. साडेसहा मिनिटांच्या आसपास तो नाच चालतो. राजे भुतं, साहेब भुतं, जाडजूड भुतं आणि साधी रयतेतली भुतं, असे चार वर्ग, प्रत्येकाचं तालवाद्य वेगळं, मृदंगम आणि घटमच्या घराण्यातलं. चित्र मध्येच उलटं होतं, काळ्याचं पांढरं होतं, आकृत्या पाण्यावरच्या प्रतिबिंबासारख्या थरथरतात. चारही वर्ग आपसात भांडून मरतात आणि मेल्यावरही आपापल्या रांगेतच नाचतात. यात भीती आहे, हसू आहे आणि बंगालचा अख्खा इतिहास आहे. हे रंगात झालं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मला पडत नाही. जे झालं ते इतकं भरलेलं आहे की त्यात उणीव शोधायला जागा उरत नाही. गरिबी होतीच. पण गरिबीला त्यांनी काय उत्तर दिलं ते पाहायचं की नुसती गरिबीच मोजत बसायचं?

दक्षिणेकडची एक साक्ष थोडक्यात. ए. व्हिन्सेंट यांचा 'भार्गवी निलयम' (१९६४), पटकथा वैकम मुहम्मद बशीर यांची. एक लेखक भुतानं पछाडलेल्या घरात भाड्यानं राहायला येतो आणि त्या अदृश्य मुलीशी गप्पा मारायला लागतो, शेजाऱ्याशी माराव्यात तशा. त्या मिस्कील बोलण्यातूनच तो तिच्या मरणाचं रहस्य शोधून काढतो. तिथलं भूत उतरवायला कोणी मांत्रिक लागत नाही. तिची कहाणी कोणीतरी ऐकून घ्यायची राहिलेली असते.

इथंच एक आक्षेप उरतो, जो मला खरोखर टोचतो. या सिनेमांत भूत नेहमी बाई का? पांढरी साडी, मोकळे केस, हातात मेणबत्ती. आमच्या समाजात पांढरं लुगडं विधवेच्या अंगावर चढवलं गेलं, बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ केली गेली, आणि करणी करते म्हणून आजही एकटीदुकटी म्हातारीच गावाच्या डोळ्यावर येते. पडद्यानं तीच बाई उचलली आणि तिला भीतीचं चिन्ह केलं. या आक्षेपाला उत्तर देताना मी घाई करणार नाही. चिन्ह केलं, हे खरंच आहे. मात्र त्याच सिनेमांनी दुसरा अर्धा भागही सांगितला. 'वो कौन थी'तल्या त्या पांढऱ्या साडीमागे पुरुषांनी रचलेला कट होता. 'भूत बंगला'त मरणाच्या सावटाखाली असलेली बाई स्वतः भूत नाही, लक्ष्य आहे. बाईला भूत करण्यात कोणाचा फायदा असतो, हा प्रश्न या सिनेमांनी शेवटच्या रिळात विचारला, आणि त्याचं उत्तर बहुतेकदा हातात कागदपत्रं घेतलेला पुरुष असं आलं. करणीचा आरोप झालेल्या म्हातारीच्या बाजूनं उभं राहणाऱ्या कार्यकर्त्याला याहून कामाचं काही मला तरी सुचत नाही. ती पांढरी साडी दाखवून झाल्यावर लगेच चर्चा करा. ती दाखवूच नका म्हणाल तर त्या कागदपत्रांपर्यंतही कोणी पोचणार नाही.

आता या सिनेमांना वाचवायला निघालेल्यांबद्दल दोन शब्द, कारण त्यांचाही धोका कमी नाही. 'मुघल-ए-आझम' २००४ साली रंगवला गेला, 'नया दौर' २००७ साली, 'हम दोनो' २०११ साली. नव्या पिढीनं पाहावं म्हणून, असं कारण दिलं गेलं. 'मुघल-ए-आझम'चं एक वेळ समजू शकतो, के. आसिफ यांनी स्वतः त्याचे काही भाग रंगात चित्रित केले होते. पण उद्या कोणी यंत्राच्या मदतीनं 'भूत बंगला' रंगवायला घेतला तर ते नूतनीकरण म्हणून मी मान्य करणार नाही. तो सिनेमा ज्या अंधारावर बांधला आहे तोच काढून घेतल्यावर उरेल काय? कोपऱ्यातल्या खुंटीवरचा कोट हिरवा आहे हे पहिल्याच क्षणी दिसलं की मेहमूदनं त्याला माणूस समजून हात जोडण्यात काही गंमत राहत नाही.

आमच्या पिढीत तर उलटं घडलं. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं तरी गावातला संच पुढं कितीतरी वर्षं काळा-पांढराच होता. एक जण छपरावर ॲन्टेना फिरवायचा, दुसरा खिडकीतून ओरडून सांगायचा. 'गुमनाम' रंगीत आहे हे मला मोठेपणी कळलं. मी पाहिलेला 'गुमनाम' कृष्णधवल होता, मुंग्या आलेल्या पडद्यावरचा, आणि त्यातल्या मेहमूदच्या बटलरला हसताना ओसरीवरचं एकही पोर अंगणाच्या बाजूला पाठ करून बसायला तयार नव्हतं. नंतर रंगीत प्रत पाहिली तेव्हा ती दुसऱ्याच कुठल्या तरी बेटावरची वाटली.

म्हणून माझी मागणी दुरुस्त प्रतींची आहे, रंगवलेल्यांची नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून उभं आहे, आणि जुन्या फितींची निगा राखणारे जाणकार हात या राज्यात आहेत. परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी, कृषी विद्यापीठाच्या गावात, वर्षातून चार रात्री असे सिनेमे स्वच्छ प्रतीतून, मोठ्या पडद्यावर, पूर्ण अंधारात दाखवायला सरकारी तिजोरी फार हलकी होणार नाही. तालुक्याच्या शाळा त्याला आल्या पाहिजेत. सिनेमा संपल्यावर अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी व्यासपीठाचा ताबा घ्यावा आणि भुताचा आवाज कसा काढला असेल, हात भिंतीतून कसा आला असेल, हे मुलांकडूनच वदवून घ्यावं. त्यांच्याइतकं चांगलं ते काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. आणि ज्यांना अजूनही वाटतं की यानं मुलं बिघडतील, त्यांनी त्या रात्री मागच्या रांगेत बसून मुलं नेमकी कुठं ओरडतात आणि कुठं हसतात ते वहीत टिपून घ्यावं. पुढचा वाद आपण त्या वहीवरून घालू.